बोटीवरची दुर्बीण, रात्रीचं यंत्र आणि हातातला कंपास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिडकलचा जलाशय, चिकोडी-अथणीकडची कृष्णा, सुपा धरण आणि काळी नदीचं पाणी, कारवारचा समुद्र. या पाण्यांवर बोट काढणाऱ्यांकडून जे प्रश्न परत परत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर एवढंच : आधी ७×५० दुर्बीण घ्या, मग कंपास म्हणजे होकायंत्र, रात्रीचं यंत्र (नाईट व्हिजन) सगळ्यात शेवटी. आणि लाईफ जॅकेट या तिन्हींच्या आधी.

१. दुर्बिणीवर ७×५० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसेल तो. दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या गोलाचा व्यास मिळतो, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ७×५० मध्ये तो ७.१ मिमी, ८×४२ मध्ये ५.२५, १०×५० मध्ये ५ आणि ८×२१ च्या खिशातल्या दुर्बिणीत जेमतेम २.६.

बोटीवर हा गोल मोठा असण्याचे दोन फायदे. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते तेव्हा तेवढा उजेड पुरवता येतो. आणि बोट हलत असताना डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी चित्र काळं पडत नाही. हा दुसरा फायदा दिवसाही मिळतो, पण दुकानात उभं राहून तो कळत नाही.

२. मग १०× किंवा १२× घेतली तर जास्त लांबचं दिसणार नाही का?

जमिनीवर दिसेल. बोटीवर बहुधा कमी दिसेल. दुर्बीण चित्राबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा करते. ७× ला बोयावरचा (पाण्यावर तरंगत्या खुणेवरचा) नंबर वाचता येतो, तोच १२× ला नुसता नाचताना दिसतो. शिवाय दिसणारा पट्टा अरुंद होतो. चांगल्या ७×५० मध्ये १००० मीटरवर साधारण १२० ते १३० मीटर रुंदीचा पट्टा मावतो. १२×५० मध्ये तो शंभरच्या आसपास येतो, आणि हलत्या बोटीवरून हरवलेली बोया पुन्हा सापडवणं जड जातं.

अपवाद एकच : आत चित्र स्थिर करणारी यंत्रणा असलेली दुर्बीण. तिच्यात १२× किंवा १४× हातात धरून वापरता येते. मात्र ती महाग असते, सेलवर चालते आणि सेल संपले की उरते फक्त जड दुर्बीण. हिडकल किंवा सुप्याच्या शांत पाण्यावर सकाळी पक्षी बघायचे असतील तर ८×४२ सुद्धा छान चालते.

३. ऑनलाईन "१०-१८०×१०० झूम", "३०×६०" अशा स्वस्त दुर्बिणी दिसतात. घ्यायच्या का?

नको. आकडा खरा आहे का ते पट्टीने बघा : "६०" लिहिलेल्या दुर्बिणीची पुढची काच खरंच ६० मिमी आहे का? बऱ्याचदा नसते. झूमवाल्यात दोन्ही नळ्या प्रत्येक पटीला एकसारख्या चालाव्या लागतात. स्वस्तात ते साधत नाही आणि दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. लालभडक चमकणाऱ्या काचा तर पाण्यावर घातकच. लाल दिसते याचा अर्थ काच लाल उजेड परत फेकते आहे. तुम्हाला रात्री लाल दिवा ओळखायचा असतो आणि तोच मंद होऊन आत येतो.

४. वय पन्नाशीपुढे आहे, चष्माही आहे. काय बघून घ्यावं?

वयाबरोबर बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही. विशीत सुमारे ७ मिमी, साठीत बहुतेकांची ५ किंवा त्याहून कमी. म्हणजे ७×५० चा थोडा उजेड वाया जातो. तरी डोळा सरकला तर चित्र न तुटण्याचा फायदा राहतोच, त्यामुळे आमचा सल्ला बदलत नाही. फक्त वजन सोसत नसेल तर ७×४२ किंवा ८×४२ घ्या. ७×५० सुमारे किलोभर असते.

चष्म्यासाठी "आय रिलीफ", म्हणजे डोळा काचेपासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं, हा आकडा बघा, १६ ते १८ मिमी हवा. डोळ्याकडचे रबरी कप दुमडून किंवा फिरवून खाली करायचे. फक्त जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस जुळतो. सिलिंडर जास्त असेल तर चष्मा ठेवूनच बघा.

५. फोकस कसा लावायचा? काही दुर्बिणींना मधली चकती नसतेच.

मधली चकती असलेल्या दुर्बिणीचा क्रम असा. दोन्ही नळ्या उघड-मिट करून दोन गोलांचा एकच गोल होईपर्यंत जुळवा. उजवी पुढची काच झाकणाने बंद करून डाव्या डोळ्याने लांबची वस्तू मधल्या चकतीने स्पष्ट करा. मग डावी बंद करून उजव्या डोळ्यासाठी फक्त उजव्या आयपीसची (डोळ्याकडच्या काचेची) कडी फिरवा, मधल्या चकतीला हात लावू नका. कडीवरचा आकडा लक्षात ठेवा, तो तुमच्या डोळ्यांचा. एक डोळा मिटण्यापेक्षा काच झाकणं बरं, कारण मिटताना दुसरा डोळाही आकसतो.

मधली चकती नसलेल्या सागरी दुर्बिणीत प्रत्येक डोळा एकदाच वेगळा लावायचा. ७× ला त्यानंतर साधारण पंचवीस-तीस मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट राहतं. हलते भाग कमी, म्हणून पाणी शिरायला वाटाही कमी. तोटा हा की दुर्बीण दुसऱ्याच्या हातात गेली की जुळवणी बिघडते. आपले आकडे लिहून पट्ट्याला चिकटवा.

६. दुकानात दहा मिनिटांत दुर्बीण तपासायची कशी?

बेळगावात खडेबाजारात घ्या किंवा मुंबईच्या चोरबाजारात जुनी घ्या, तपासणी तीच. घरी आलेल्या पार्सलचीही हीच करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

दुर्बीण हातभर लांब धरून आयपीसमधला उजेडाचा गोल बघा. पूर्ण गोल आणि सारखा उजळ असेल तर प्रिझम (आतले चित्र सुलटं करणारे काचेचे ठोकळे) चांगल्या काचेचे, बहुधा बॅक-४ जातीचे. कडेला करड्या सावल्या येऊन गोल चौकोनी वाटला तर हलक्या काचेचे.

मग समोरच्या गच्चीची आडवी कड किंवा विजेची तार बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर मागे न्या. दोन्ही गोलांत ती रेष एकाच उंचीवर राहिली पाहिजे. वरखाली झाली तर नळ्या समांतर नाहीत. डोळे ते काही वेळ ओढूनताणून जुळवून घेतात, म्हणून पहिल्या मिनिटात कळत नाही, तासाभराने कपाळ ठणकतं. पडलेल्या दुर्बिणीचा हा ठरलेला दोष. दुरुस्ती होते, पण स्वस्त दुर्बिणीत ती किमतीहून महाग पडते.

शेवटी पुढच्या बाजूने टॉर्च मारून आत बघा : कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. हलवून ऐका, आत काही खुळखुळता कामा नये.

७. "वॉटरप्रूफ" आणि "वेदरप्रूफ" यात फरक किती?

पाण्यात पडली तर कळेल एवढा. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. "वेदरप्रूफ"ला असा काही ठरलेला अर्थ नाही. नायट्रोजन भरलेली असेल तर काच आतून धुकट होत नाही. बाहेरून मात्र होतेच : कारवारला एसी गाडीतून काढून थेट दमट हवेत नेली की काच पांढरी पडते. अर्धा तास पिशवीत बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. पुसत बसलात तर ओरखडे तेवढे पडतील.

आणि वॉटरप्रूफ म्हणजे तरंगणारी नव्हे. बहुतेक ७×५० तळ गाठतात. फुगीर फोमचा पट्टा लावा, आणि तो तुमच्या दुर्बिणीचं वजन पेलतो का हे आधी बादलीत बघा.

८. खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात काचांना बुरशी येते. उपाय?

कातडी केस, लाकडी कपाट आणि कापडी पिशवी हे तिन्ही बंद. स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा हवाबंद डबा घ्या, आत शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल आणि दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर ठेवा. दमटपणा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ६५ च्या वर आठवडेच्या आठवडे गेले तर बुरशी धरते. रंग बदललेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजलं की पुन्हा कामाला येतं. दुर्बीण ओली असताना डब्यात कोंडू नका.

समुद्रावरून आल्यावर वॉटरप्रूफ दुर्बीण गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा, मगच पुसा. मिठाचे कण कोरड्या कापडाने पुसले की काचेवर कायमच्या रेघा येतात. शर्टाचं टोक, ओढणी, पदर हे सगळे ओरखड्यांचे धनी.

९. आत कंपास आणि रेषांची पट्टी असलेली दुर्बीण घ्यावी का? अंतर खरंच कळतं?

कळतं, उंची माहीत असेल तर. सूत्र : उंची मीटरमध्ये × १००० ÷ पट्टीवरचे मिल (मिल हे कोनाचं बारीक माप, पट्टीच्या रेषा त्यातच आखलेल्या असतात). १२ मीटरचं देऊळ ८ मिल व्यापत असेल तर अंतर १५०० मीटर. काही पट्ट्यांवर "१" म्हणजे १० मिल असतात, पुस्तिका आधी वाचा.

हिशेब दोन ठिकाणी फसतो. जलाशयाची पातळी उतरली की पाण्यापासून मोजलेली उंची बदलते. हिडकलला उन्हाळ्यात हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर पाण्यातून वर येतं, इतका तो फरक. समुद्रावर दुसरी अडचण : डोळा पाण्यापासून दीड मीटरवर असेल तर क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवरच असतं. त्यापलीकडच्या वस्तूचा पाया झाकलेला राहतो आणि ती आहे त्याहून लांब वाटते.

आतला कंपास सोयीचा आहे, कारण खूण आणि अंश एकाच वेळी दिसतात. पण दुर्बीण बुडाली तर कंपासही गेला. वेगळा हातातला कंपास तरीही ठेवा (प्रश्न १४).

१०. रात्री बोट न्यायची तर नाईट व्हिजन लागतंच का?

नाही. अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाईलचा पडदा एकदा बघितला की ते सगळं पाण्यात. मोबाईल झाका, बोटीतला उजेड मंद लाल ठेवा आणि ७×५० वापरा. चांदण्यात किनारा, बोया, दिवे न लावलेली होडी बरीच दिसते, आणि मुख्य म्हणजे दिव्यांचे रंग कळतात.

हा मुद्दा मोठा आहे. समोरच्या बोटीचा लाल दिवा म्हणजे तिची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी, नुसता पांढरा म्हणजे बहुधा मागची. हिरवा वर आणि पांढरा खाली म्हणजे जाळं ओढणारा ट्रॉलर, लाल वर आणि पांढरा खाली म्हणजे इतर मासेमारी. एकरंगी नाईट व्हिजनमध्ये हे सगळे सारखेच ठिपके. रात्रीचं यंत्र "तिथे काहीतरी आहे" एवढं सांगतं. ते काय आहे आणि कुठे चाललंय, हे दुर्बीण आणि कंपास सांगतात.

११. घ्यायचंच ठरवलं तर इंटेन्सिफायर, डिजिटल आणि थर्मल यांपैकी कोणतं?

इंटेन्सिफायर आतल्या नळीने उजेड हजारो पटींनी वाढवतो, चित्र बहुधा हिरवं. जनरेशन १ स्वस्त, पण कडा वाकड्या दिसतात आणि काळोख्या रात्री तो हात टेकतो. जनरेशन २ आणि ३ उत्तम आणि फार महाग. यांना दिवसा किंवा झगझगीत दिव्याकडे रोखलं तर नळी कायमची डागते.

डिजिटल म्हणजे अंधारात बघणारा कॅमेरा. दिवसाही चालतो, पण चंद्र नसताना त्याला स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लागतो आणि पाण्यावर तिथेच घोळ होतो (प्रश्न १२).

थर्मल उष्णता बघतो, उजेड लागत नाही. पाण्यात पडलेला माणूस शोधायला याच्यासारखं दुसरं काही नाही. सेन्सर किमान २५६×१९२ पिक्सेलचा, जमलं तर ३८४×२८८. चित्र सेकंदाला ९ वेळा बदलणारं नको, हलत्या बोटीवर ते अडखळतं. २५ किंवा त्याहून जास्त वेळा बदलणारं घ्या. जाहिरातीतलं "१ किलोमीटर" म्हणजे तिथे माणसाचा जेमतेम ठिपका उमटतो. माणूस आहे हे ओळखायला त्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत यावं लागतं.

कोणतंही घेतलं तरी मूळ मोठेपणा १ ते ३ पटच ठेवा, कारण प्रश्न २ मधलंच.

१२. इन्फ्रारेड दिवा लावला की सगळं पांढरं होतं. यंत्र बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. दिव्याचा झोत बोटीचं रेलिंग, समोरची काच, धुकं किंवा उडणारे तुषार यांवर आपटून परत येतो. बोटीच्या सगळ्यात पुढे, काचेच्या बाहेर उभं राहा आणि झोत कमी करा. धुक्यात तो बंदच ठेवा. ८५० नॅनोमीटरचा दिवा समोरून लालसर चमकताना दिसतो पण लांब पोचतो, ९४० चा दिसत नाही पण पल्ला कमी.

थर्मल यंत्र काचेतून बघायला जाऊ नका. त्या लहरींना साधी काच भिंतीसारखी असते, तुम्हाला तुमचंच धूसर प्रतिबिंब दिसेल.

१३. थर्मलमध्ये जाळी, बुडालेली झाडं आणि मगर दिसते का?

तिन्हींवर भरवसा ठेवू नका. जाळ्याच्या बोया आणि पाणी एकाच तापमानाला आले की बोया गायब. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपास असा वेळ येतोच. सुप्याच्या पाण्यातले बुडालेले बुंधे पाण्याखाली असतील तर कुठल्याच यंत्रात दिसत नाहीत, कारण थर्मल फक्त पृष्ठभाग वाचतो. मगर थंड रक्ताची, तिचं अंग पाण्याइतकंच. दांडेलीकडच्या काळी नदीत तिला शोधायला साधा टॉर्च डोळ्याच्या उंचीवर धरून फिरवावा, डोळे चमकतात.

१४. हातातला कंपास कोणता घ्यावा?

बेअरिंग घ्यायचा, म्हणजे डोळ्यासमोर धरून खूण आणि अंश एकत्र वाचता येतील असा. आतलं अंश लिहिलेलं तबक तेलात बुडालेलं हवं, नाहीतर होडीवर ते थांबतच नाही. रबरी कड, गळ्यात अडकवायची दोरी, अंधारात चमकणारे आकडे. ट्रेकिंगचा पारदर्शक पट्टीवाला कंपास नकाशावर छान, हलत्या बोटीवर त्याने नेम धरणं कठीण.

परदेशातून कुणी आणून देत असेल तर एक बघा. पृथ्वीचं चुंबकीय बल सुईला खालीही ओढतं : लंडनजवळ सुमारे ६६ अंश, आपल्याकडे विशीच्या आसपास. तिकडच्या कंपासात ते सावरायला सुईच्या दक्षिण टोकाला वजन दिलेलं असतं. इथे तेच टोक खाली बसतं, तबक घासतं आणि सुई अडकते. आपल्या पट्ट्यासाठी तोललेला किंवा सर्वत्र चालणारा, ग्लोबल सुईचा कंपास मागा.

१५. कंपास चुकीचं दाखवतोय. खरी उत्तर दिशा (ध्रुवाकडची) आणि चुंबकीय उत्तर दिशा (सुईची) यातला फरक म्हणून का?

इथे तो फरक सुमारे एका अंशाचा, हातातल्या कंपासवर वाचताही येत नाही. दोषी जवळचं लोखंड किंवा चुंबक असतं : इंजिन, नांगर, मोबाईल आणि त्याच्या कव्हरचं चुंबक, स्पीकर, आपोआप फुगणाऱ्या लाईफ जॅकेटमधला स्टीलचा सिलिंडर, चष्म्याची पोलादी काडी. इंजिनापासून दोन मीटर लांब, नेहमी एकाच जागी उभं राहा. दोन खुणा एका रेषेत आणा, नकाशावरून त्या रेषेचे अंश काढा आणि कंपासशी ताडून बघा. मग हे इंजिन चालू ठेवून पुन्हा करा. लोखंडी बार्जवर (माल वाहणाऱ्या सपाट बोटीवर) हातातल्या कंपासचा नाद सोडा.

किनाऱ्यावर काळ्या दगडावर किंवा सळया घातलेल्या धक्क्यावर कंपास ठेवून वाचू नका. तिथेही सुई बहकते.

१६. दोन-तीन खुणांवरून आपली जागा कशी काढायची?

नकाशावर असलेल्या आणि डोळ्याला दिसणाऱ्या तीन खुणा निवडा, एकमेकींपासून साधारण ६० ते १२० अंशांवर. कारवारसमोर देवगडचा दीपस्तंभ, कूर्मगड, सदाशिवगडाची टेकडी अशा. आधी पुढची आणि मागची खूण वाचा, आडवी सगळ्यात शेवटी, कारण तिचे अंश भराभर बदलतात. प्रत्येकीवरून उलटी रेष (अंश ± १८०) ओढा. तीन रेषांचा छोटा त्रिकोण होतो. तुम्ही त्यात किंवा त्याच्या जवळपास असता. सावध माणूस धोक्याच्या सगळ्यात जवळचा कोपरा धरून चालतो.

लहान बोटीत तीन अंशांची चूक सहज होते. २ किलोमीटरवर ती १०० मीटर, ५ किलोमीटरवर २६० मीटर. म्हणून लांबच्या मोठ्या डोंगरापेक्षा जवळची बारीक खूण बरी. खुणाही बदलतात : काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळला, जुन्या वहीत त्यावरून अंश लिहिलेले असतील तर खोडून टाका.

१७. समोरची बोट धडकणार की बाजूने जाणार, हे कंपासने कळतं का?

हो, हे कंपासचं सगळ्यात मोलाचं काम. दर मिनिटाला तिचे अंश वाचा. अंतर कमी होतंय आणि अंश तेच आहेत, तर टक्कर ठरलेली. ठळकपणे बदलत असतील तर ती पुढून किंवा मागून जाईल. अपवाद : खूप मोठं जहाज किंवा बार्ज ओढणारी टग जवळ असेल तेव्हा अंश बदलत असूनही धोका असतो. एका टोकाचे अंश बदलतात, दुसरं टोक तुमच्यावर येतं.

१८. मोबाईलमध्ये जीपीएस आणि कंपास दोन्ही आहे. मग हे सगळं कशाला?

जीपीएस उत्तम, वापराच. मात्र तो तुम्ही कुठे आहात ते सांगतो, समोर दिसणारा दिवा कुठे आहे ते नाही. बोट चालण्याहून हळू वाहत असेल तर त्याचा दिशेचा बाण भरकटतो. आणि मोबाईलमधला कंपास चुंबकी कव्हरशेजारी दहा-वीस अंश सहज चुकतो.

१९. कंपासमध्ये बुडबुडा आलाय. टाकून द्यायचा?

लगेच नको. कारवारला भरलेला दिसणारा कंपास बेळगावला, सुमारे ७५० मीटर उंचीवर, थंडीत छोटा बुडबुडा दाखवू शकतो. पाच-सहा मिलिमीटरपर्यंत आणि तबकाला अडत नसेल तर चालवा. परत खाली नेल्यावरही गेला नाही आणि महिन्यागणिक वाढत असेल तर तेल गळतंय. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं हे गळतीचं नेहमीचं कारण.

२०. कारवारला हे सगळं घेऊन समुद्रात गेलं तर कुणी अडवेल का?

आयएनएस कदंब हा नौदलाचा तळ तिथे आहे आणि अंजदीव बेट नौदलाच्या ताब्यात आहे. त्या दिशेने थर्मल किंवा नाईट व्हिजन रोखू नका, चित्रीकरण तर अजिबात नको. शासकीय गुपिते कायदा १९२३ सालचा असला तरी आजही लागू आहे. यंत्राचं बिल जवळ ठेवा, निघण्यापूर्वी बंदरात विचारा. परदेशातून आणायचं असेल तर कस्टम्सकडून आधी लेखी खुलासा घ्या. सॅटेलाईट फोन तर परवानगीशिवाय भारतात बाळगताच येत नाही.

२१. कृष्णा, दूधगंगेवरचे बंधारे वरच्या बाजूने दुर्बिणीतून ओळखता येतात का?

पाणी कमी असताना येतात. नदी पुढे एका सरळ रेषेत कापल्यासारखी संपते, रेषेवर खांबांची टोकं किंवा पुलावरून चाललेली मोटरसायकल दिसते, पलीकडे बारीक तुषार. बोटीत बसून हे कळतं तेव्हा उशीर झालेला असू शकतो, म्हणून उभ्या माणसाने दर वळणानंतर बघावं.

पुरात, २०१९ च्या ऑगस्टसारख्या, बंधारे पाण्याखाली जातात. वर उरते फक्त पाण्याची उकळी, आणि ती ना दुर्बिणीत लवकर दिसते, ना थर्मलमध्ये. तेव्हा बंधाऱ्यांच्या जागा जीपीएसमध्ये आधीच भरून ठेवा, गावातल्या नावाड्याला बरोबर घ्या. विजेच्या तारा पाण्याजवळ आलेल्या असतात. थर्मलमध्ये त्या आभाळासमोर कधी दिसतात, कधी नाही, म्हणून रात्री त्यांच्यासाठी टॉर्चच वर मारा.